गोंधळ एकाचा, शिक्षा दुसऱ्यास

फुटबॉलच्या सामन्यापूर्वी राष्ट्रगीताचे सूर निनादू लागले असता ज्या विद्यार्थ्याने अवाक्षरही न उच्चारता केवळ एक गुडघा भूमीस टेकला, त्याच्या हातून नेमका कोणता कसूर घडला, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील सॅन पास्क्वाल व्हॅली येथील शालेय अधिकाऱ्यांनी २०१७ साली प्रथम स्वतःस विचारला असता, तर पुढील कज्जा उद्भवलाच नसता. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या या विद्यार्थ्याने, वांशिक अन्यायाच्या निषेधार्थ कॉलिन कॅपर्निक या व्यावसायिक खेळाडूने आदल्या वर्षी आरंभिलेली रीत अंगीकारली होती. पुढे ॲरिझोनातील एका सामन्यात यजमान शाळेच्या काही मुलांनी पाहुण्यांस वंशवाचक शिव्या दिल्या, गुडघा टेकणाऱ्या या विद्यार्थ्यास बळाने उभे करण्याची धमकी दिली. आणि त्यानंतर त्याच्याच शाळेकडून फर्मान सुटले ते काय, तर खेळाडूंनी राष्ट्रगीतास उभे राहिलेच पाहिजे, गुडघा टेकणे वा बसून राहणे यांस मनाई आहे, आणि उल्लंघन करणारा संघातून काढला जाऊ शकेल!

अशा हुकुमाच्या समर्थनार्थ नेहमी सांगण्यात येते की, शिक्षण हा हक्क असला तरी संघातील जागा ही सवलत आहे. सवलत ती खरीच. परंतु जी शाळा सरकारी खजिन्यातून चालते, तिला त्या सवलतीचे मोल म्हणून मुलाची सद्सद्विवेकबुद्धी गहाण ठेवून घेण्याचा अखत्यार कोणी दिला? (खासगी शाळांची गोष्ट निराळी; अमेरिकेच्या संविधानातील ही बंधने शासनावर आहेत.) महायुद्ध ऐन भरात असता, १४ जून १९४३ रोजी, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीनच वर्षांपूर्वीचा आपला निर्णय फिरवून शाळकरी मुलांवरील ध्वजवंदनाची सक्ती रद्द केली, याहून धीराचा न्यायनिर्णय आम्हांस सहसा आठवत नाही. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरविले की, गडबड होईल अशी मोघम धास्ती ही मुस्कटदाबीस पुरेशी सबब नव्हे. याच तत्त्वांस अनुसरून डिसेंबर २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने सॅन पास्क्वालच्या हुकुमास तात्पुरती मनाई केली.

आपल्याकडे १९८६ साली शाळेतून काढलेल्या केरळातील तीन भावंडांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी उपरोक्त १९४३ च्या अमेरिकी निर्णयाचाही परामर्श घेतला होता. ती मुले आदराने उभी राहत, मात्र धर्मश्रद्धेमुळे गात नसत. गुडघा टेकण्याचा प्रश्न तेथे नव्हता, हा भेद मान्य केलाच पाहिजे. तथापि आपला १९७१ चा राष्ट्रीय सन्मानविषयक कायदाही राष्ट्रगीताच्या संदर्भात शिक्षा सांगतो ती गायनास बुद्धिपुरस्सर अटकाव करणाऱ्यास किंवा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणाऱ्यास, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. मूकपणे गुडघा टेकणारा यांपैकी काय करतो?

ज्यांचे पुत्र रणांगणी पडले, त्यांना हे दृश्य पाहून यातना होतात, आणि त्या यातना खऱ्या आहेत. त्यांनी त्या मुलाशी बोलावे, त्याला आपले दुःख सांगावे. शाळेचे कर्तव्य याहून पुष्कळच साधे होते: यजमान शाळेस खरमरीत पत्र पाठवावयाचे, पुढील सामन्यास पुरेसा बंदोबस्त मागावयाचा, आणि राष्ट्रगीत चालू असता त्या मुलाच्या शेजारी एखाद्या शिक्षकास उभे करावयाचे.