रस्त्याचाही जबाब घ्या

रस्त्यावर माणूस मेला की पोलिसांतल्या फिर्यादीत तेच शब्द ठरल्यासारखे उतरतात: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने’. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४ अ लागे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ लागते. मग घटनास्थळाचा पंचनामा होतो. पूर्वेस औषधांचे दुकान, पश्चिमेस दुभाजक, मध्ये काचांचा चुरा, टायरची खूण, एक चप्पल. पंच सह्या करतात. ज्या रस्त्यावर उभे राहून ते सह्या करतात, त्याची रुंदी कागदावर आली तरी जागेचे वर्णन म्हणून येते. मृत्यूचे कारण म्हणून सहसा येत नाही.

ते कारण शोधलेच पाहिजे, कारण मरणारे थोडे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला नव्वद. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे या अहवालात ‘अतिवेग’ हे कारण लिहिले आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. वेग चालकाच्या पायात असतो, तसाच तो रस्त्याच्या आखणीतही असतो.

भर वस्तीत महामार्गासारख्या साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिका आखल्या की चालकाला पन्नास-साठचा वेग संथ वाटू लागतो. तिथे ‘वेगमर्यादा ३०’ असा फलक लावला, तरी समोर पसरलेला रस्ता त्याला उलटेच सांगत असतो. चौकातला पदपथाचा कोपरा मोठ्या गोलाईने कापला की डावीकडे वळणारी गाडी वेग न उतरवता वळते, आणि नेमके तिथेच लोक रस्ता ओलांडत असतात. कोपरा पुढे आणून गोलाई आवळली, तर गाडीला हळू व्हावेच लागते. शिवाय ओलांडायचे अंतरही काही पावलांनी कमी होते.

या फरकाची किंमत जिवात मोजावी लागते. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपुढे १४ मीटरवर एखादे मूल धावत आले आणि ब्रेक दाबायला चालकाला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी मुलाच्या अलीकडे थांबते. तीच गाडी ५० ने येत असेल तर त्या एका सेकंदातच १४ मीटर संपतात. ब्रेक लागण्याआधी मूल गाडीखाली असते. दोन्ही वेळा चालक तोच आणि त्याचे लक्षही तेवढेच. बदलला तो फक्त वेग, आणि तो वेग त्याला बऱ्याच अंशी रस्त्याने दिलेला असतो.

पायी चालणाऱ्याच्या माथी येणारा दोषही असाच तपासून पाहावा. बसथांबा रस्त्याच्या एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये सलग दुभाजक. जवळचा सिग्नल चारशे मीटरवर असेल, तर तिथवर जाऊन परत यायला आठशे मीटर चालावे लागते. डोक्यावर ओझे किंवा कडेवर लेकरू असलेल्या बाईला ही दहा-बारा मिनिटांची पायपीट परवडत नाही. ती दुभाजक ओलांडते. अपघात झाला की ‘चुकीच्या ठिकाणी रस्ता ओलांडताना’ अशी बातमी छापून येते. योग्य ठिकाण तिला कोणी दिलेच नव्हते, हे बातमीत नसते आणि पंचनाम्यातही नसते.

पुण्याच्या नवले पुलाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. नव्या कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे आणि तो थेट शहराच्या गर्दीत येऊन संपतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे अनेक गाड्या चिरडल्या. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच भागात ट्रकच्या धडकेनंतर आग भडकली आणि माणसे होरपळून मेली. उतारावर काही चालक गाडी न्यूट्रल करतात, हा गुन्हाच आहे. पण चालक दर वेळी वेगळा आणि जागा दर वेळी तीच, तेव्हा जागेलाही जाब विचारला पाहिजे.

जागा बदलता येते, हे महाराष्ट्राने स्वतः करून दाखवले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून प्रत्येक धोक्याची जागा शोधून कठडे बसवले, उघडे खांब आणि काँक्रीटचे कोपरे झाकले, पोलिसांची गस्त वाढवली, जखमींना लवकर मदत मिळेल अशी व्यवस्था केली. २०१९ मध्ये मृत्यूंचा आकडा ९२ वर आला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या चालकांचा स्वभाव पालटला नव्हता. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘रस्त्यावर एकही मृत्यू नको’ हे धोरण स्वीकारले, ते याच विचारावर: माणूस चुकणारच, पण त्या चुकीला मरणाची शिक्षा नसावी. तिथे प्रत्येक प्राणघातक अपघाताचा सखोल तपास होतो आणि रस्ता बांधणारे खातेच तो करते. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे आणि रस्तेही त्याच वेगाला साजेसे घडवले आहेत. जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत त्या शहरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही.

आपल्याकडे कायदा नाही, असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, सल्लागार व ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे फार मोलाचे झाले. पण खड्डा डोळ्यांना दिसतो. चुकीच्या गोलाईचा कोपरा गुळगुळीत आणि नवाकोरा असतो. तो सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि पुरावा गोळा होण्याची पहिली जागा पंचनामा हीच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर पालिकेच्या किंवा बांधकाम खात्याच्या अभियंत्याने आठवड्याच्या आत जागेवर यावे. मार्गिकेची रुंदी, कोपऱ्याची गोलाई, ओलांडायच्या जागांमधले अंतर, पदपथाची स्थिती आणि रात्रीचा उजेड यांची मोजमापे त्याने सहीनिशी नोंदवावीत आणि ती तपासाच्या कागदपत्रांना जोडावीत. काय बदलायचे आणि कधीपर्यंत, हेही त्यानेच लिहावे. हा कागद लोकांना पाहायला खुला असावा.

दोषी चालकाला शिक्षा झालीच पाहिजे. पण तो तुरुंगात गेला तरी कोपरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर दप्तर घेतलेली मुले तिथूनच रस्ता ओलांडतात.