पुष्पकाचे अपुरे राहिलेले इंजिन

मोताळ्याच्या बाजारपेठेत दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पात्यांचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. इंधन जळताना निर्माण होणारी उष्णता त्या पात्यांवाटे वाऱ्यात निघून जाते, आणि हलक्या विमानाचे वातशीतित, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, पिस्टन इंजिनही याच तत्त्वावर चालते. रेडिएटर आणि पाणी वगळल्याने वजन घटते व गळतीची भीती उरत नाही. सेसना 152 या प्रशिक्षण विमानातील लायकमिंग इंजिन 3.8 लिटर क्षमतेचे असूनही 110 अश्वशक्तीच देते, पण तो दोष नव्हे, कारण प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला असल्याने आणि त्याच्या टोकांचा वेग ध्वनिवेगाजवळ गेल्यास कार्यक्षमता घसरत असल्याने फेरे मिनिटाला सुमारे 2,550 वर रोखावे लागतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना बॅटरीविना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्यामुळे एक निकामी झाला तरी इंजिन चालू राहते.

असे इंजिन भारताच्या आवाक्याबाहेर कधीच नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात 1908 साली जन्मलेले आणि गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिकी शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने बंगळुरात घडवलेले दोन आसनी पुष्पक विमान 1958 साली उडाले आणि देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत पोहोचले. त्यात कॉन्टिनेंटल या अमेरिकन कंपनीचे 90 अश्वशक्तीचे इंजिन होते. तेवढ्याच शक्तीचे देशी इंजिन विकसित करण्याचे कामही कंपनीने हाती घेतले, परंतु त्याचे नियमित उत्पादन उभे राहिले नाही. विमानाचा सांगाडा आपला आणि हृदय परके, ही स्थिती तेव्हाच मोडायला हवी होती.

अशा पिस्टन इंजिनांना लागणारे विशिष्ट पेट्रोल इंडियन ऑइलने 2022 मध्ये देशात तयार करून बाजारात आणले, तरी गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर शिकणारे तरुण आजही परदेशी इंजिनांच्याच भरवशावर उडतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि तापलेली हवा विरळ असल्याने शक्तीही घटते व शीतनही मंदावते. वातशीतित इंजिनाची याहून कठोर परीक्षा सहजासहजी मिळणार नाही. शासनाने आणि पुष्पक घडवणाऱ्या कंपनीची उत्तराधिकारी असलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने शंभर अश्वशक्तीच्या देशी इंजिनाचे काम पुन्हा हाती घ्यावे आणि त्याच्या उष्णताचाचण्यांत शेगावसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना सहभागी करून घ्यावे.