तोंडी सौद्याला कागदाची जोड द्या

जालना म्हणजे लोखंडी सळ्या, बी-बियाणे आणि मोसंबीचे गाव. येथे भंगार, वाहतूक, फॅब्रिकेशनच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. मेहनत भरपूर, पण व्यवहार तोंडी. भाव फोनवर ठरतो, माल जातो आणि पैसे मागताना ‘असे ठरलेच नव्हते’ हे ऐकावे लागते. यात बुडतो तो लहान माणूस.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, असेही बजावले आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्यानेही उत्पादन वा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे बंधनकारक केले. पण माल पोचल्याचा कागदच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

आमचे सांगणे सोपे आहे. आधी पाच मुद्दे टिपा: कोणता माल, किती, काय भाव, पोच कधी, पैसे कधी. मग त्याच क्रमाने पत्र लिहा. मुख्य मागणी पहिल्या ओळीत, खुशाली शेवटी. दुकानात बसणाऱ्या तरुणांनी महिनाभर रोज एक पत्र लिहून हात बसवावा. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्यात दोघांचेही इमान राखले जाते.