एकेक डोळा झाकून पाहा

"पोरगं फळ्यावरचं वाचतंय, मोबाइल बघतंय, मग डोळ्याला काय झालंय?" लातूर जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या गावात शाळेतून चष्म्याची चिठ्ठी घरी आली की हे हमखास ऐकू येतं. आईबापांच्या मनात खोट नसते, पण म्हणणं चूक आहे. मूल वाचतं ते चांगल्या डोळ्याने. दुसरा, आळशी डोळा वरून धडधाकट दिसतो. त्याच्याकडून येणारं चित्र मेंदूनेच बाजूला सारलेलं असतं. तो तिरळा असेलच असंही नाही, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला तरी पुरतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून हा दोष सापडायचा कसा?

"शाळेत तपासणी होते की!" होते, आणि व्हायलाच हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून अंगणवाडीपर्यंत पोहोचला, हे मोठंच काम. पण रांग लांब असली की मुलाच्याच तळहाताने डोळा झाकून घेतला जातो, आणि पोरं बोटांच्या फटीतून बघतात. चिकटपट्टीच लावली पाहिजे. सुटं अक्षर दाखवणंही फसवं, कारण आळशी डोळ्याला ते ओळखता येतं. शेजारी अक्षरं आली की गर्दीत सगळी एकमेकांत मिसळतात. म्हणून अख्खी ओळ वाचून घ्यावी. अक्षरओळख नसेल तर घर, सफरचंद अशी चित्रं चालतात. तान्ह्या लेकराचा आळशी डोळा झाकला तर ते खेळत राहतं, चांगला झाकला की हात झटकून रडतं. हे आईला घरीच पाहता येतं.

तक्त्यावरच्या ओळी मोजूनही काम संपत नाही. खास चष्मा घालून माशीचं चित्र दाखवतात आणि पंख चिमटीत धरायला सांगतात. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर मूल कागदाच्या वर, हवेत चिमूट धरतं. नसतील तर बोटं कागदालाच टेकतात.

आणि "आठ वर्षं उलटली, आता उपचारांचा उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास पाहावा. 7 ते 12 वर्षांच्या ज्या मुलांना चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि त्याच डोळ्यात नजर धूसर करणारे अॅट्रोपिनचे थेंब दिले, त्यांतल्या 53 टक्क्यांची नजर दोन ओळी किंवा जास्त सुधारली. नुसत्या चष्म्यावर 25 टक्क्यांची. लवकर सापडलेलं केव्हाही बरं, पण उशीर झाला म्हणून मुलाला वाऱ्यावर सोडायचं कारण नाही.

परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या या जिल्ह्यात शिकवणीसाठी घरं कर्ज काढतात. मग तेवढीच काळजी डोळ्यांचीही घ्या. पहिलीत नाव घालण्याआधी लेकराच्या दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी मोजून कागदावर लिहून घ्या. दोन ओळींचा फरक दिसला, तर त्याच आठवड्यात लातूरला नेऊन थेंब घालून नंबर काढा.