वाळवीचा छंद

छंद माणसाच्या जीवनात रंग भरतो. कोणी पोपट पाळतो, तर कोणी काचेच्या पेटीत मासे ठेवतो. वाळवी पाळण्याची कल्पना ऐकून मात्र अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. चौकटी आणि कागदपत्रे पोखरणारा किडा घरात आणावाच कशाला? तरीही परदेशांत वाळवीच्या वसाहती काचेच्या भांड्यांत वाढवून त्यांचे निरीक्षण करणारे हौशी लोक आहेत. हा छंद टाकाऊ नाही. परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणत असले, तरी ती मुंगी नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. जगात वाळवीच्या सुमारे 3000 जाती आहेत. त्यांपैकी थोड्याच जाती घरांचे व पिकांचे मोठे नुकसान करतात. इतर जाती वाळलेले लाकूड, पाने आणि गवत कुजवून जमिनीला परत देतात. थोड्यांच्या अपराधासाठी सर्वांना शत्रू मानणे न्याय्य नाही.

जबलपूरच्या रहिवाशांना हे सहज समजावे. साग आणि सालाची वने येथून दूर नाहीत. 1988 साली येथे स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत वनातील कीटकांचाही अभ्यास होतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पंख असलेली वाळवी दिव्याभोवती गोळा होते. पंख गळाले की नर आणि मादी जोडीने जमिनीत शिरतात. तेच नव्या वसाहतीचे राजा-राणी. हौशी माणसे अशी जोडी ओलसर मातीच्या भांड्यात ठेवून प्रारंभ करतात.

येथेच मर्यादा कळते. मोठी वारुळे बांधणारी आपल्याकडची वाळवी बुरशीची शेती करते. चावलेल्या लाकडापासून केलेल्या मळ्यावर ती बुरशी वाढते, कठीण लाकूड मऊ करते आणि वाळवीचे पोट भरते. बहुतेक जातींत या बुरशीचे बी कामकरी वाळवी बाहेरून आणते. बंद भांड्यात ते मिळत नाही. म्हणून मळा होत नाही आणि वसाहतही टिकत नाही. वारूळ खणून राणी घरी आणली, तर हाती ज्ञान येत नाही, केवळ एका नगरीचा नाश होतो.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. नागपंचमीला वारुळाजवळ नागाची पूजा होते; वारूळ बांधणारी वाळवी मात्र विसरली जाते. घरात शिरलेल्या वाळवीचा बंदोबस्त अवश्य करावा. परंतु माळावरचे वारूळ केवळ भीतीपोटी फोडू नये. पावसाळ्यात त्यावर अळंबी केव्हा उगवते, पंखवाली वाळवी केव्हा उडते, पडलेली भिंत किती दिवसांत पुन्हा उभी राहते, याची नोंद ठेवावी. त्यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो संयम. वाळवीला घरी आणण्यापेक्षा तिच्या घरी जाऊन तिला पाहणे, हाच या छंदाचा अधिक चांगला मार्ग होय.