तार किती ताणावी?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारण थोडे खेदाचे आहे. मी आणि माझ्या अकरावीतल्या नातीने चार महिने खपून तयार केलेले रिमोटचे विमान मागच्या रविवारी माळावरच्या बाभळीवर आदळले. चूक माझी होती, म्हणून हा लेख.

आमच्या विमानाचे शेपटीवरचे सुकाणू तारेने चालते. ते फिरवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, पुढे पंखांजवळ बसवली की शेपूट हलकी राहते. तिथून मागे लांब काडी नेली तर ढकलताना ती वाकते. तार ढकलतच नाही, ती फक्त ओढते. म्हणून तारा दोन लागतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

या तारा किती ताणायच्या? पुष्कळ हौशी मंडळी म्हणतात, जितकी घट्ट तितके विमान आज्ञाधारक. माझेही मत तेच होते. बोटाने छेडली की तंबोऱ्यासारखी वाजली पाहिजे, असा माझा हट्ट. नात म्हणाली, "आजोबा, सर्व्हो बसल्याबसल्या गुणगुणतोय. तारा जरा सैल करूया ना." मी म्हणालो, "ढिलाई चालायची नाही." सदतीस वर्षे वर्गात वापरलेले वाक्य, आपोआप तोंडातून आले.

ती गुणगुण म्हणजे सर्व्होची तक्रार होती. दोन्ही तारा त्याचा आस सतत मागे खेचत होत्या. घर्षणामुळे त्याला नीट मधोमध येता येईना, तो धडपडत राहिला आणि बॅटरी खात राहिला. काही उड्डाणांत आसाची बैठक झिजली. रविवारी उतरताना सुकाणू डावीकडे वळले, ते परत आलेच नाही.

घरी आल्यावर उलगडून पाहिले तेव्हा मूळ दोष सापडला. सुकाणूच्या दोन्ही बाजूंना तार अडकवायची जी शिंगे असतात, त्यांची भोके बिजागरीच्या अगदी रेषेत हवीत. आमची थोडी मागे होती. शिवाय शिंगांच्या भोकांमधले अंतर आणि सर्व्होच्या दांडीवरच्या भोकांमधले अंतर सारखे हवे, तेही नव्हते. त्यामुळे सुकाणू वळले की तारांचा ताण बदले, आणि मी तो दोष तार आवळून झाकत होतो.

म्हणून आता माझे मत असे: तार सैल का पडते हे आधी शोधावे, पक्कड मग हातात घ्यावी. मोजमाप जुळले की झोल निघेल इतकाच ताण पुरतो. सर्व्हो मधोमध असताना दोन्हीकडचे आटे सारखे फिरवावेत. मग सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत वळवून तारा पाहाव्यात आणि कान देऊन सर्व्हो ऐकावा. घरात जुळवलेली तार उन्हात थोडी बदलते, तेव्हा माळावर पोचल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

तुटेपर्यंत ताणू नये, हे मी मुलांना किती वेळा सांगितले असेल! नात मात्र मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच जास्त लागले.

असो. नवी शिंगे कापून झाली आहेत. भोके तिने पाडली, मी फक्त पट्टी धरली.