जीबीएस: साथ नेमकी कशाची?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात 'जीबीएसची साथ' आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. 'साथ' म्हटलं की रुग्णाजवळ बसायचीही भीती वाटते. पण गुलेन-बॅरे सिंड्रोम एकापासून दुसऱ्याला होत नाही.

सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा समूह. पसरतो तो त्याआधीचा संसर्ग. पुण्यातील काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. तो दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो आणि जुलाब होतात. त्यानंतर क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशा आजारांना 'ऑटोइम्यून' म्हणतात. बातमीतला 'संशयित रुग्ण' म्हणजे लक्षणं आहेत, निदान पक्कं व्हायचं आहे.

म्हणून रुग्णाला टाळू नका. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊन कमजोरी वर चढू लागली, तर 'थकवा असेल' म्हणून थांबू नका. श्वासाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचार आहेत आणि बहुतेक रुग्ण सावरतात.